गुरांचे लसीकरण : पाणवठा एक, काळजीही एक




मागच्या उपकारस्तुतीच्या उपासनेनंतर एका मंडळीत चहा घेताना एका ज्येष्ठ बंधूंनी मला बाजूला बोलावून विचारले, "ताई, तुमचा अहवाल वाचला. शाळेची मुले, आरोग्य शिबिर, पिण्याचे पाणी हे सगळे कळले. पण त्यात म्हशींना लस टोचल्याचेही लिहिले आहे. आम्ही देणगी देतो ती माणसांसाठी. मिशनच्या कामात म्हैस कुठून आली?"

प्रश्न प्रेमाने विचारला होता आणि रास्त होता. पण हातात कप आणि बाहेर गाडी उभी, अशा घाईत मला नीट उत्तर देता आले नाही. हा प्रश्न इतरही वाचकांच्या मनात असणार, म्हणून आज सविस्तर लिहिते आहे.

वाडीवर म्हैस म्हणजे काय

कोल्हापूर म्हटले की ऊस, साखर कारखाने आणि गावोगावच्या दूध संस्था डोळ्यांसमोर येतात. पण जिल्ह्याच्या पश्चिम कडेला, शाहूवाडीपासून गगनबावडा, राधानगरी, भुदरगड आणि पुढे चंदगडपर्यंत, सह्याद्रीच्या माथ्यावर आणि उतारांवर धनगरवाडे आहेत. कुठे आठ घरे, कुठे पंधरा. सरकारी यादीत हा समाज भटक्या जमातींत मोडतो, पण वाडीवरचे जगणे रानाशी बांधलेले आहे. काही वाड्यांना अजून धड रस्ता नाही. आजारी माणसाला डोलीतून खाली आणावे लागते.

अशा घरात शेती असते ती थोडी वरीची, नाचणीची. खरा आधार म्हशींचा आणि शेळ्यांचा. दूध विकले, तूप कढवले, की तेल-मीठ येते. मुलीचे लग्न ठरले किंवा कोणाचे ऑपरेशन निघाले, तर रेडी किंवा बोकड विकला जातो. बँकेत खाते असले तरी खरी शिल्लक गोठ्यात बांधलेली असते. ती एका रात्रीत मेली, तर मुलाची शाळा सुटते, सावकाराचे दार ठोठवावे लागते आणि बाप ऊसतोडीला किंवा मुंबईला जातो. हे मी पाहिले आहे. म्हणून म्हशीची लस हे माणसाचेच काम आहे.

दोन घरे राहिली

ही गोष्ट सांगताना मला लाज वाटते, पण सांगायला हवी.

या कामाच्या पहिल्या वर्षी मे महिन्यात एका वाडीवर लसीकरण ठरवले. पशुवैद्यकीय डॉक्टर यायला तयार होते. मी सगळ्यांना निरोप दिला, "सकाळी अकरा वाजता जनावरे बांधून ठेवा." अकरा ही माझी, म्हणजे शहरातल्या माणसाची, सोयीची वेळ. वाडीवर अकरा वाजता गोठा रिकामा असतो. म्हशी पहाटे दूध काढल्यावर रानात सुटतात आणि दुपारी डबक्यात बसतात. आम्ही पोचलो तेव्हा निम्मी जनावरे रानात होती. काही पोरे धावत जाऊन थोडी वळवून घेऊन आली. तरी दोन घरे राहिलीच.

त्यांतले एक घर एका विधवा मावशींचे. त्यांच्या दोन म्हशी लांब रानात होत्या. दुसरे घर एका आजोबांचे. त्यांची जनावरे समोरच होती, पण ते म्हणाले, "सुई टोचली की म्हस आटती. चार दिसाचं दूध तुमी देनार काय?" डॉक्टरांनी समजावले, मी समजावले, पण ते ऐकेनात. "बाकीच्यांचं झालं न्हवं, मग आमाला काय हुतंय," असे म्हणून आजोबांनी विषय संपवला. पुन्हा येऊ, असे सांगून आम्ही खाली उतरलो. आणि पाऊस लागला.

जुलैत आठवडाभर संततधार होती. एका संध्याकाळी मावशींच्या म्हशीने वैरण सोडली. अंग तापले, तोंडातून लाळ गळू लागली, गळ्याखाली सूज आली आणि श्वासाबरोबर घशात घरघर सुरू झाली. घरच्यांनी जुन्या पद्धतीने गळ्यावर तापल्या लोखंडाचा डाग दिला. उजाडेपर्यंत म्हैस गेली. दुसरी गाभण होती. ती दुसऱ्या रात्री गेली. ओढ्याला पूर असल्याने खाली कळवायला कोणी उतरू शकले नाही. मला निरोप मिळाला तोपर्यंत आजोबांचे रेडकूही गेले होते. लक्षणे ऐकताच डॉक्टर म्हणाले, हा घटसर्प. ज्या घरांची जनावरे मे महिन्यात टोचली होती, ती त्याच पाणवठ्यावर पाणी पीत होती. देवाच्या दयेने त्यांतल्या एकालाही काही झाले नाही.

मी भेटायला गेले तेव्हा वाटले होते, मावशी मला बोलतील. त्यांनी घोंगडे अंथरले, कोरा चहा दिला. उठताना एवढेच विचारले, "ताई, फुडल्या साली सुई कवा येनार?"

या प्रश्नाचे उत्तर वेळेवर आणि चुकता न देणे, हेच आता आमचे काम झाले आहे.

कोणते रोग, कोणती लस

ज्यांनी गोठा जवळून पाहिलेला नाही, त्यांच्यासाठी मुख्य रोगांची ओळख करून देते.

घटसर्प हा जिवाणूंमुळे होणारा रोग. गाईंपेक्षा म्हशी त्याला लवकर बळी पडतात. पावसात भिजणे, चाऱ्याची ओढाताण आणि दमट गोठा यांनी जनावर खचले की तो उसळतो. पुष्कळदा एक-दोन दिवसांत खेळ संपतो. अगदी सुरुवातीलाच उपचार मिळाले तर उपयोग होतो, पण पुराच्या दिवसात वाडीवर डॉक्टर पोचणार कसे? म्हणून इथे लस हाच उपाय. वासरू-रेडकू सहा महिन्यांचे झाल्यापासून दरवर्षी पावसाळ्याआधी ती टोचायची.

फऱ्या हा बहुधा तरण्याताठ्या, चांगल्या अंगाच्या गोवंशाला गाठतो. मागच्या पायाचा फरा सुजतो, जनावर लंगडते आणि सुजेवर दाबले की आत चरचर आवाज येतो. याचे जंतू मातीत वर्षानुवर्षे टिकतात. त्यामुळे एकदा रोग आलेल्या रानात तो पुन्हा येऊ शकतो. याचीही लस सहा महिन्यांच्या वयापासून, दरवर्षी पावसाळ्याआधी.

लाळ्या-खुरकूत विषाणूंमुळे होतो. तोंडात आणि खुरांच्या बेचक्यात फोड येतात, लाळेच्या तारा लोंबतात, जनावर खात नाही आणि चालत नाही. मोठी जनावरे त्यात सहसा मरत नाहीत, लहान वासरे मात्र दगावतात. पण वाचलेल्या म्हशीचे दूध महिनोन्‌महिने पूर्वीसारखे होत नाही, काही गाभडतात. बैल बरा झाला तरी उन्हात धापा टाकतो, नांगराला टिकत नाही. आपल्या देशात या विषाणूचे तीन प्रकार आढळतात आणि लसीत तिन्हींचा अंतर्भाव असतो. पण तिचे संरक्षण फार काळ टिकत नाही. म्हणून पहिली मात्रा चौथ्या महिन्यात, दुसरी त्यानंतर महिनाभराने आणि पुढे दर सहा महिन्यांनी.

सांसर्गिक गर्भपात, म्हणजे ब्रुसेलोसिस, यात गाभण जनावर शेवटच्या महिन्यांत गाभडते. हा रोग माणसालाही होतो. वाडीवर म्हैस विताना बायका उघड्या हातांनी वार काढतात, मुले धारोष्ण दूध पितात. मग अंगात मुरलेला ताप, सांधेदुखी, अशक्तपणा मागे लागतो आणि कारण लवकर सापडत नाही. याची लस फक्त मादी वासरांना, चार ते आठ महिन्यांच्या वयात, आयुष्यात एकदाच देतात. नर वासराला आणि गाभण जनावराला ती देत नाहीत. लसीत जिवंत जंतू असल्याने टोचणाऱ्यालाही हातमोजे घालून जपावे लागते.

शेळ्यामेंढ्यांसाठी आंत्रविषाराची लस पावसाळ्याआधी दरवर्षी, आणि पीपीआर या प्राणघातक रोगाची लस साधारण तीन वर्षांतून एकदा.

यांतल्या लाळ्या-खुरकूत आणि ब्रुसेलोसिससाठी केंद्र सरकारने सप्टेंबर २०१९ मध्ये १३,३४३ कोटी रुपयांचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. लसीसाठी पशुपालकाला पैसे द्यावे लागत नाहीत. जनावराच्या कानात बारा अंकी क्रमांकाचा बिल्ला मारतात आणि त्या क्रमांकावर लसीची नोंद होते. म्हणजे लस आहे, ती फुकट आहे, नोंदीची सोयही आहे. अडते ते दवाखान्यापासून वाडीपर्यंतच्या शेवटच्या चढावर.

लस काय करते

वाडीवर मी असे सांगते : लस म्हणजे औषध नव्हे. ती चोराचा फोटो दाखवून गोठ्याच्या राखणदाराला आधीच सावध करते. रोगाचे मारलेले किंवा दुबळे केलेले जंतू अंगात गेले की शरीर त्यांना ओळखायला शिकते. खरा चोर आला की ओळख पटलेली असते. पण हे शिकायला दोन-तीन आठवडे लागतात. जनावर आजारी पडल्यावर लस टोचून उपयोग नाही, आणि मृगाचा पाऊस सुरू झाल्यावर धावाधाव करूनही उशीरच होतो. आमच्या डोंगरात मे संपण्याआधी सुई टोचून व्हायला हवी.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. संसर्ग एका जनावरातून दुसऱ्यात जातो तेव्हा त्याला वाट लागते. वाडीतली बहुतेक जनावरे लसवंत असतील, तर ती वाट ठिकठिकाणी तुटते. मग लहान रेडकू, आजारी म्हैस, ज्यांना त्या दिवशी लस देता आली नाही, तीही बऱ्याच अंशी वाचतात. उलट, घरोघर थोडी थोडी जनावरे सुटली, तर रोगाला हवी तशी वाट मिळते. "बाकीच्यांचे झाले ना, मग आम्हाला काय होतंय" हा आजोबांचा हिशोब इथे चुकतो. लस एकट्या जनावराला टोचतात, पण राखण साऱ्या कळपाची होते. आणि कळप म्हणजे माझ्या दावणीची जनावरे नव्हेत, एका पाणवठ्यावर येणारी सगळी जनावरे.

राधानगरी अभयारण्याच्या शेजारच्या वाड्यांवर तर या पाणवठ्यावर गवेही येतात. लाळ्या-खुरकूत त्यांनाही होतो. पाळीव गुरांची लस रानातल्या मुक्या जिवांनाही उपकारक ठरते.

बुळकांडी कुठे गेली?

"लसीने रोग जातो हे कशावरून?" असे कोणी विचारले, की मी वाडीतल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाकडे बोट दाखवते. "आजोबा, बुळकांडी आठवते का?" त्यांचा चेहरा बदलतो. हगवण लागून दावणीच्या दावणी रिकाम्या करणारा तो रोग त्यांनी ऐकलेला असतो, कोणी पाहिलेलाही असतो. मग मी विचारते, "तुमच्या नातवाने पाहिली का?" नाही. कोणीच पाहिलेली नाही.

बुळकांडी आपोआप गेली नाही. तिच्यासारख्या रोगांचा अभ्यास करण्यासाठी १८८९ साली पुण्यात प्रयोगशाळा सुरू झाली. ती पुढे हिमालयात मुक्तेश्वरला हलली आणि तिचीच आज भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्था झाली आहे. त्याच सुमारास आफ्रिकेत हा रोग शिरला आणि इथिओपियापासून दक्षिणेपर्यंत गुरांचे कळपच्या कळप नाहीसे झाले. गुरे गेली, नांगर थांबले आणि माणसे उपाशी मेली. स्वतंत्र भारताने १९५४ मध्ये देशव्यापी मोहीम हाती घेतली. अनेक वर्षे गावोगाव, वाडीवाडीवर लस टोचली गेली. २००६ मध्ये भारत या रोगापासून मुक्त ठरला आणि २०११ मध्ये सारे जग. माणसाच्या देवीनंतर पृथ्वीवरून पूर्ण नाहीसा केलेला हा दुसराच रोग. आता बुळकांडीच्याच कुळातल्या पीपीआरचे २०३० पर्यंत निर्मूलन करण्याचे जगाने ठरवले आहे.

कितीतरी अनाम लस टोचकांनी शेवटच्या गोठ्यापर्यंत चालत जाऊन हे काम केले. त्यांच्यातला एखादा शेवटच्या वाडीला कंटाळला असता, तर रोग तिथेच दबा धरून राहिला असता.

लंपीने शिकवलेले

अलीकडची आठवण २०२२ ची. लंपी त्वचारोग भारतात प्रथम २०१९ मध्ये ओडिशात आढळला. ऑगस्ट २०२२ मध्ये तो जळगाव जिल्ह्यात दिसला आणि बघता बघता राज्यभर पसरला, कोल्हापूरलाही आला. गाई-बैलांच्या अंगभर गाठी, ताप, पायाला सूज. डास, चावणाऱ्या माश्या, गोचीड यांच्यामार्फत तो पसरतो. म्हशींना तो क्वचितच होतो आणि माणसाला होत नाही. तरी त्या दिवसांत भीतीने लोकांनी दूधही बंद केले होते. गुरांचे बाजार थांबले. मेलेल्या जनावरासाठी सरकारने भरपाई जाहीर केली : दुभत्या गाईला ३० हजार, बैलाला २५ हजार आणि वासराला १६ हजार रुपये.

त्या वेळी लंपीची स्वतःची लस हाताशी नव्हती. मग शेळ्यांच्या देवीची लस वापरली गेली. दोन्ही विषाणू एकाच कुळातले, त्यामुळे एकाची ओळख दुसऱ्याविरुद्ध कामी येते. १७९६ मध्ये इंग्लंडात डॉ. एडवर्ड जेन्नर यांनी गाईच्या देवीचा उपयोग करून माणसाला देवीपासून वाचवले, त्याचेही तत्त्व हेच होते. लसीची वाट माणसाला गाईने दाखवली. तिच्या गोठ्यात लस घेऊन जाणे म्हणजे जुने ऋण फेडणेच म्हणायचे.

लंपीच्या साथीनंतर वाड्यांवर एक बदल दिसला. पूर्वी आम्ही लोकांना शोधत फिरायचो. आता लोक विचारतात. भीतीने आलेली ही जागरूकता विश्वासात बदलायची, तर दरवर्षी वेळेवर जात राहावे लागेल.

नुसती सुई पुरत नाही

लस टोचली म्हणजे झाले, असे कोणी समजू नये. कळपाचे आरोग्य अनेक लहान सवयींनी टिकते आणि त्या लसीइतक्याच आग्रहाने सांगाव्या लागतात.

लसीच्या दोन-तीन आठवडे आधी जंताचे औषध द्यावे. पोटात जंत असलेले, उपाशी जनावर लसीला नीट प्रतिसाद देत नाही. तापलेल्या किंवा आजारी जनावराला लस देऊ नये. गाभण असल्यास महिना डॉक्टरांना सांगावा आणि ते म्हणतील तसे करावे. लस थंड वेळी, पहाटे किंवा सायंकाळी द्यावी. दर जनावराला नवी सुई, नाहीतर सुईच एकाचा रोग दुसऱ्याला देते.

बाजारातून आणलेले जनावर थेट कळपात सोडू नये. किमान तीन आठवडे वेगळे बांधावे, त्याचे पाणी आणि वैरण वेगळी ठेवावी. आजारी जनावराचेही तसेच. गोठ्याची जमीन कोरडी ठेवावी, गोचीड काढावेत, शेणाचा उकिरडा दूर असावा. मेलेले जनावर ओढ्यात टाकू नये. खोल खड्ड्यात चुना टाकून पुरावे. जनावर अचानक मेले आणि नाका-तोंडातून न गोठणारे काळपट रक्त आले, तर ते फाडू नये, कातडे काढू नये आणि आधी डॉक्टरांना कळवावे. तो फाशी नावाचा रोग असू शकतो आणि तो माणसाचाही जीव घेतो.

आता आजोबांच्या शंकेविषयी. लसीनंतर एक-दोन दिवस दूध थोडे कमी होऊ शकते. कधी अंग कोमट होते, टोचल्या जागी गाठ येते आणि काही दिवसांत विरते. हे लपवू नये. आम्ही पूर्वी "काही होत नाही" असे सांगायचो. मग दूध एक मापटे कमी आले, की लोक म्हणत, ताई खोटे बोलल्या. आता आधीच सांगतो : दोन दिवस थोडे कमी येईल, मग पूर्ववत होईल, आणि रोग आला तर सगळेच जाईल. खरे सांगितल्यापासून नकार कमी झाले आहेत. क्वचित एखाद्या जनावराला टोचल्यावर लगेच तीव्र त्रास होतो, म्हणून डॉक्टर लसीनंतर थोडा वेळ वाडीवरच थांबतात.

आपण नेमके काय करतो

लस सरकारची आणि टोचणारे डॉक्टर व पशुधन पर्यवेक्षक. आपण वाट तयार करतो.

महिनाभर आधी आमचे कार्यकर्ते वाडीवर जाऊन घरागणिक जनावरांची यादी करतात. दिवस आणि वेळ वाडीतल्या बायका ठरवतात, कारण धार त्या काढतात. आदल्या रात्री आम्ही वाडीवरच मुक्कामाला जातो आणि उजाडताना, जनावरे सुटण्याआधी, काम सुरू होते. दोरखंड, पाणी, नोंदवही आपण पुरवतो. आणि बर्फ.

बर्फाची गोष्ट सांगते. लस २ ते ८ अंश तापमानात राहिली पाहिजे. तापली तरी खराब होते, आणि लाळ्या-खुरकूताची लस गोठली तरी खराब होते. एका वर्षी चढ चढताना आमची पेटी वाटेत वारंवार उघडली गेली. वर पोचेपर्यंत बर्फाचे पाणी होऊन तेही कोमट झाले होते. डॉक्टरांनी हात लावून पाहिले आणि म्हणाले, "ही लस मी टोचणार नाही." माणसे पहाटेपासून जनावरे बांधून बसली होती. राग आला, मलाही आला. पण ते बरोबर होते. निकामी लस टोचली असती तर पाऊस लागेपर्यंत सगळे निर्धास्त राहिले असते आणि जुलैत पुन्हा तेच घडले असते. आम्ही हात जोडून माफी मागितली आणि चार दिवसांनी दोन पेट्या घेऊन पुन्हा चढलो. तुमच्या देणगीतून घेतलेल्या निळ्या पेट्या त्या याच.

याशिवाय प्रत्येक वाडीत एक-दोन तरुणांना आम्ही लक्षणे ओळखायला आणि वेळेवर फोन करायला शिकवतो. पशुपालकांसाठी १९६२ हा मोफत क्रमांक आहे आणि फिरते पशुवैद्यकीय पथकही आहे. कड्याच्या कोणत्या टोकावर मोबाईलला रेंज येते, हे त्या पोरांनी शोधून ठेवले आहे.

ज्या मावशींच्या म्हशी गेल्या, त्यांना वाडीतल्याच लोकांनी एक पारडी वाढवायला दिली. आज ती दुभती आहे. गेल्या मे महिन्यात रांगेत सर्वांत पुढे ती होती. आणि तिच्या मागे आपले रेडकू धरून आजोबा उभे होते. त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही. डॉक्टरांना एवढेच म्हणाले, "दोन दिस दूध कमी यील न्हवं? येऊ दे."

शेवटी

त्या ज्येष्ठ बंधूंना आता माझे उत्तर असे आहे. योनाचे पुस्तक कसे संपते ते आठवून पाहा. निनवेवर दया का करू नये, हे योनाला सांगताना परमेश्वर तिथल्या अजाण माणसांचा उल्लेख करतो आणि अगदी शेवटी तिथल्या पुष्कळ गुराढोरांचाही. संदेष्ट्याच्या मनात ती नव्हती. देवाच्या मनात होती.

प्रभूला एकाने विचारले होते, माझा शेजारी कोण? आमच्या डोंगरात त्याचे उत्तर सोपे आहे. ज्याचे जनावर तुमच्या जनावरासोबत एका ओढ्यावर पाणी पिते, तो तुमचा शेजारी. आणि देणगीच्या पाकिटातून, प्रार्थनेतून तुम्हीही त्या ओढ्यापर्यंत पोचला आहात.

प्रार्थनेचे विषय

१. पाऊस लागण्याआधी सर्व वाड्यांवरचे लसीकरण पूर्ण व्हावे.
२. डोंगर चढून येणारे डॉक्टर, पशुधन पर्यवेक्षक आणि आमचे कार्यकर्ते यांना आरोग्य व धीर मिळावा.
३. अजूनही नकार देणाऱ्या घरांशी आम्ही खरे आणि नम्रपणे बोलावे.
४. पुराच्या दिवसांत तुटणाऱ्या वाड्यांवर देवाची राखण असावी.
५. ज्यांची जनावरे दगावली, त्या कुटुंबांच्या मुलांची शाळा सुटू नये.

तुमच्यापैकी कोणाला मे महिन्यात आमच्यासोबत वाडीवर मुक्कामाला यायचे असेल, तर अवश्य या. घोंगडे, कोरा चहा आणि नाचणीची भाकरी मिळेल. फक्त पहाटे उठायची तयारी ठेवा. अकरा वाजता तिथे कोणी भेटत नाही.

प्रभूच्या सेवेत,
आपली बहीण